आमच्या घरचा पास्ता

गेल्या मार्गशीर्षांत माझा धाकटा मुलगा चार वर्षांनीं अमेरिकेहून तीन आठवड्यांच्या रजेवर घरीं आला. आमचें घर पौडच्या पुढें, मुळशी धरणाच्या वाटेवर आहे. सासूबाई, आम्ही दोघें, दीर-जाऊबाई आणि त्यांचीं मुलेंसुना अशीं अकरा माणसें आम्ही एका चुलीवर जेवतों. चूल आतां गॅसची झाली आहे, पण आहे एकच. पहिले चार दिवस अळूचें फतफतें, डाळिंब्यांची उसळ, उकडीचे मोदक अशा त्याच्या आवडीच्या पदार्थांत गेले. पांचव्या दिवशीं तो स्वयंपाकघरांत येऊन म्हणाला, "आई, उद्यां रात्रींचा स्वयंपाक माझ्याकडे. तिकडे दर शनिवारीं मी जो पास्ता करतों तो तुम्हां सर्वांना करून घालतों. झणझणीत आणि मलईदार!"

"कर कीं," मी म्हणालें. "काय काय लागतें सांग."

साय, लसूण, मिरपूड, मिरचीचा चुरा, चीज अशी त्यानें यादी सांगितली आणि शेवटच्या जिनसापाशीं तो अडखळला. मग खालच्या आवाजांत म्हणाला, "आणि स्टेक."

स्टेक म्हणजे मांसाचा, बहुधा गोमांसाचा, बोटभर जाडीचा काप. तो कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनीं भाजतात, थोडा वेळ तसाच ठेवतात, आणि मग त्याच्या पातळ चकत्या करून पास्त्यावर मांडतात. आपल्या राज्यांत २०१५ सालापासून गाईबरोबर बैलाच्या कत्तलीसही बंदी आहे. परंतु आमच्या घरीं कायद्याची गरज कधींच पडली नाहीं. येथें अंडें देखील उंबरठ्याच्या आंत आलेलें नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० सालीं निघालेल्या ‘गृहिणी-मित्रा’ची एक जुनी प्रत घरांत आहे, तींतील मांसान्नाचीं पानें माझ्या आजेसासूबाईंनीं पांढऱ्या दोऱ्यानें शिवून टाकलेलीं आहेत.

"तिकडे हिंवाळा फार कडक असतो, आई," तो म्हणाला.

मीं कारण विचारलें नव्हतें. खरें सांगायचें तर मला हें अगदींच नवें नव्हतें. फोनवर बोलतांना त्याच्या मागच्या ओट्यावर एकदां जें दिसलें होतें तें मीं न पाहिल्यासारखें केलें होतें. "आजीला कळूं द्यायचें नाहीं," तो म्हणाला, "येथें मी त्याच्या जागीं पनीर घालीन." "पनीर तव्यावर नुसतें रबरासारखें होतें, सुरण घाल," मी म्हणालें, आणि अशा रीतीनें मीही त्या कटांत सामील झालें.

पदार्थाचें नांव इटालियन असलें तरी हा जोड कांहीं इटलीचा नव्हे. तेथें पास्ता आधीं खातात, मांस मागून वेगळ्या ताटांत येतें; दोन्ही एकत्र करून वर मलई ओतण्याची हौस अमेरिकेची. आम्हां मुळशीकरांना इटलीचें अप्रूप तसेंही उरलेलें नाहीं. आमच्याच तालुक्यांत दासवे येथें पोर्तोफिनो नांवाच्या इटालियन बंदराच्या धर्तीवर रंगीत घरांचें लवासा उभें राहिलें, तेव्हां आमच्या घरचीं मुलें सुटीच्या दिवशीं तेथें पास्ता खाऊन येत. पुढें २०१८ सालीं ती कंपनी दिवाळखोरीच्या दाव्यांत सांपडली. पास्ता मात्र येथेंच राहिला. आमच्या वाण्याकडे आतां शेवयांच्या शेजारीं त्याचीं पाकिटें असतात.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं परसांतला सुरण खणून काढला. हाताला तेल लावून त्याचे बोटभर जाडीचे काप केले आणि चिंचेच्या पाण्यांत, मीठ घालून, सुरी जेमतेम रुतेल इतपत उकडले. सुरणांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनीं घसा खाजतो, असें मुलानें मला समजावून सांगितलें. मला चिंच तेवढी ठाऊक होती. उकडलेले काप फडक्यावर अगदीं कोरडे करावे लागतात. ओले राहिले तर तव्यावर शिजतात, भाजत नाहींत. मग मीठ, मिरपूड आणि लाल तिखट चोळून ठेवले.

तवा आमचा बिडाचा. धरणाचें पाणी चढूं लागल्यावर माझ्या आजेसासऱ्यांनीं जुन्या गांवांतून जीं चार भांडीं उचलून आणलीं त्यांतला तो एक. १९२१ सालीं सेनापति बापटांनीं ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला तेंच हें टाटांचें धरण. आमच्या जुन्या घराचें जोतें त्याच्या तळाशीं आहे. तव्याचा कान तुटला आहे, पण त्याच्यासारखी भाजणी दुसऱ्या कशावर होत नाहीं.

संध्याकाळीं सासूबाई स्वयंपाकघरांत खुर्ची टाकून बसल्या. त्यांना आतां चौऱ्याऐंशीवें चालू आहे. मुलानें बॅगेंतून आणलेलें पास्त्याचें पाकीट फोडलें, तेव्हां एक शिंपला त्यांनीं हातांत घेऊन डोळ्यांजवळ नेला. "ह्या तर नखुल्या!" त्या म्हणाल्या. आणि खरोखरच, रवा तसाच भिजवलेला, अंगठ्याच्या नखानें दाबल्यासारखी तशीच खळगी. लग्नामुंजीच्या आधीं घरोघर वळवट होई. गव्हले, मालत्या, नखुल्या, फणीवर वळलेल्या फणुल्या. आमच्या जाऊबाईंच्या लग्नांत सासूबाईंनीं वळलेले गव्हले जिऱ्याहून मोठे नव्हते, असें अजून सांगतात. इटलीच्या दक्षिणेस पुलिया प्रांतांत बायका अजूनही दारांत बसून अंगठ्यानें ‘ओरेक्येत्ते’, म्हणजे कानुल्या, वळतात, हें मुलानें सांगितल्यावर त्यांनीं विचारलें, "कोणत्या रव्याच्या?" रवा ड्युरम गव्हाचा, म्हणजे आपल्या बन्सीचाच. सासूबाईंना तें पटलें. आपण खिरींत घालतों, ते मीठमसाल्यांत घालतात, एवढाच काय तो फरक.

लसणीची अडचण नव्हती; चातुर्मास संपला होता. चीज मात्र मुलानें बॅगेंतून काढलें आणि पुन्हां बॅगेंत ठेवलें. मीं विचारलें तर म्हणाला, "पार्मेसान आहे. त्याला वासराच्या जठरांतलें विरजण लावतात. आजीला नको." हें तो हळू बोलला, परंतु सासूबाईंचे कान अजून चांगले आहेत.

तव्यावर काप पडले, तिखटाची वाफ उठली, सर्वजण खोकलीं. सासूबाई पदर नाकाशीं धरून म्हणाल्या, "तिकडे सुरण कोठें मिळणार? तेथें तूं यांत काय घालतोस?"

मी कणीक मळीत होतें; माझे हात थांबले. पनीर म्हणणें किती सोपें होतें! तो तव्याकडेच पाहत होता.

"मांस, आजी."

"काप उलट," सासूबाई म्हणाल्या, "करपेल."

त्यानें काप उलटला. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "केव्हांपासून?"

"पहिल्या हिंवाळ्यापासून."

"म्हणजे शनिवारीं मी फोनवर विचारीं, काय जेवलास, तर आमटीभात म्हणून सांगत होतास तो?"

"तो सोमवारीं करतों."

सासूबाईंनीं माझ्याकडे पाहिलें. "तुला ठाऊक होतें," त्या म्हणाल्या. मीं मान हलविली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. खुर्चीवरून उठल्याही नाहींत. मांसापेक्षां तो आमटीभात त्यांना अधिक लागला असावा, असें मला तेव्हां वाटलें आणि आजही वाटतें.

व्हायचें तेंच झालें. मुलाचें लक्ष उडालें, आंच मोठीच राहिली, आणि चार दिवसांची जमवून घुसळलेली साय कढईंत पडतांच फाटली. तूप वेगळें, कण वेगळे. साय मंद आंचेवर, थोडी थोडी घालावयाची असते. तो कढईकडे पाहत नुसता उभा राहिला.

"नखुल्यांची पेज ठेवली आहे ना?" सासूबाईंनीं विचारलें. पास्ता उकडलेलें पाणी मी मोरींत ओतायला निघालें होतें, तेव्हां त्यांनींच तें पातेल्यांत धरावयास लावलें होतें. पेज टाकणें त्यांना पाप वाटतें. त्यांतलें डावभर पाणी, मग आणखी डावभर, घालून मुलानें खालून वर ढवळलें, तसतसें तूप पुन्हां आंत मिळून रस दाट होऊं लागला. पिठाळ पाण्यानें स्निग्धता धरली जाते. कढईंत पास्ता परतला, वर सुरणाच्या तिरप्या चकत्या मांडल्या आणि पानें घेतलीं.

मुलांनीं दोनदां मागून घेतलें. दिरांनीं वर लिंबू पिळलें आणि भाताची चौकशी केली. सासूबाईंनीं वाटीभर नखुल्या आणि सुरणाची एक चकती खाल्ली. "तिखट पुढें आलें आहे," त्या म्हणाल्या, "सुरण चांगला भाजला आहे." त्याहून अधिक नाहीं.

मुलगा आला तेव्हांपासून सकाळीं देवपूजेचें गंध उगाळणें त्याच्याकडे होतें. दुसऱ्या दिवशीं सासूबाईंनीं तें माझ्या पुतण्याला सांगितलें. मुलगा ओटीवर झोपाळ्यावर बसून राहिला. मला आंत जाऊन सासूबाईंना कांहीं म्हणवलें नाहीं, आणि बाहेर जाऊन त्यालाही कांहीं म्हणवलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं तो स्नान करून देवघरांत गेला आणि आपण होऊनच त्यानें सहाण पुढें ओढली. सासूबाईंनीं पाहिलें. मग पाण्याची पळी त्याच्याकडे सरकविली.

तो परत जाण्याच्या आधीं तीन दुपार त्या बन्सी रवा भिजवून माजघरांत बसल्या होत्या. बोटें आतां आंखडतात, त्यामुळें सगळ्या नखुल्या एकसारख्या झाल्या नाहींत. उन्हांत वाळवून त्यांनीं त्या पितळी डब्यांत भरल्या आणि डबा त्याच्या हातांत दिला. कशांत घालावयाच्या तें सांगितलें नाहीं.

शनिवारीं त्या अजून फोनवर विचारतात, "आज काय केलेंस?" तो काय असेल तें सांगतो. "बरें," म्हणून त्या तिकडच्या बर्फाची चौकशी करतात.