दुसरी सर्व्हिस

टेनिसच्या खेळांतील सर्वांत उदार नियम कोणता, असें कोणीं विचारलें तर आम्ही सर्व्हिसच्या नियमाकडे बोट दाखवूं. सर्व्हिस करणाराचा पहिला चेंडू जाळ्यांत अडकला किंवा रेघेबाहेर पडला, तरी त्यास शिक्षा नाहीं. दुसरा चेंडू मारण्याची मुभा असते. तोही चुकला म्हणजे मात्र गुण प्रतिपक्षास जातो. माणसाच्या हातून एकदां चूक व्हावयाचीच, हें ओळखणारा नियमकर्ता मोठा व्यवहारज्ञ असला पाहिजे.

या नियमाची थोरवी आम्हांस कळली ती आमच्या भाच्यामुळें. आमचें गांव जुन्नर तालुक्यांतील येडगांव. कुकडी नदीवर १९७७ सालीं पुरें झालेलें धरण हें त्याचें भूषण. भाच्याचें टेनिसचें मैदान म्हणजे गोठ्याची भिंत. वर्षभर तिच्यावर चेंडू आपटून त्यानें म्हशींची झोप उडविली, तेव्हां खरें मैदान त्यास एकदां दाखवावें म्हणून पुण्याच्या एका संस्थेंत आम्हीं तासाभराची वेळ ठरविली व पैसेही आगाऊ भरले. पहांटे निघून नारायणगांव, मंचर, चाकण मागें टाकीत वेळेच्या आधीं अर्धा तास आम्ही तेथें हजर झालों.

“तुमची वेळ शिकवणीच्या मुलांना दिलीय,” कार्यालयांतील गृहस्थ मान वर न करतां म्हणाले. पैशांची गोष्ट काढतांच ते परत मिळत नाहींत असें कळलें. ही त्यांची पहिली सर्व्हिस. चूक कोणाचीही होते, असें म्हणून आम्ही बांकावर बसलों.

सव्वा तासानें अर्ध्या तासासाठीं मैदान मिळालें. जाळें मध्यभागीं तीन फूट उंच असावें. तें भाच्याच्या गुडघ्याशीं लोंबत होतें. नवा चेंडू २५४ सेंटिमीटरांवरून टाकला असतां १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, असा नियम आहे. आम्हांस दिलेल्या चेंडूंतील हवा केव्हांच रबरांतून झिरपून गेली होती. ते जमिनीवर पडत आणि तेथेंच विसांवा घेत. गोठ्यापाशींचा चेंडू यांहून अधिक जिवंत होता.

हें सारें आम्हीं पचविलें असतें. परंतु निघतांना वहींत सही करावयाची होती. “गांव?” गृहस्थांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें. “येडगांव? म्हणजे येड्यांचंच काय?” आणि शेजारचे दोघे हंसले. आम्हीही, सभ्यपणाची जुनी खोड म्हणून, किंचित् हंसलों.

चाकणपर्यंत भाचा गप्प होता. मग म्हणाला, “मामा, पुढच्या वेळी आपण पुण्याचंच नाव सांगू.”

पैसे गेले, वेळ गेला, त्याचें दुःख त्या क्षणीं पार विरघळलें. नऊ वर्षांच्या मुलास आपल्या गांवाचें नांव लपवावेंसें वाटावें, हें त्या गृहस्थांनीं केलें खरें. पण त्यांच्या हंसण्यांत आमचें हंसणें मिळालें नसतें, तर तें इतकें खोल लागलें नसतें. जाळ्यांत गेलेली एक सर्व्हिस आमचीही होती.

“नाही रे,” आम्हीं म्हटलें, “पुढच्या वेळी येडगांवच सांगायचं. आणि कोणी हसलं, तर आपण हसायचं नाही.”

त्यानें उत्तर दिलें नाहीं. संध्याकाळीं मात्र गोठ्याकडून चेंडूचा आवाज येऊं लागला. म्हशींचें काय म्हणणें होतें, तें आम्हीं विचारलें नाहीं.