सुट्या भागाची प्रतीक्षा

प्रतीक्षा हा शब्द काव्यांत मोठा गोड वाटतो. चातक मेघाची वाट पाहतो, माता परगांवीं गेलेल्या पुत्राची वाट पाहते. परंतु बिघडलेल्या यंत्राच्या एका लहानशा भागाची वाट पाहण्यांत कोणा कवीला गोडी वाटल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. तथापि गेल्या उन्हाळ्यांत या रूक्ष प्रतीक्षेनें आमच्या घरास जें शिकविलें, तें वाचकांपुढें ठेवण्यासारखें आहे.

आम्ही नागपूरचे रहिवासी. मे महिन्यांत येथें पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि अशाच दिवसांत आमचा फ्रीज बंद पडला. थंड पाण्यावांचून कोणाचें अडत नाहीं. पण आमच्या आजीला मधुमेह असून तिला रोज इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. त्याच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्यें ठेवाव्या लागतात. उष्णता लागल्यास औषधाचा गुण नाहींसा होत जातो. आमच्या घरांत फ्रीज ही चैनीची वस्तु नव्हे, ती औषधाची पेटी आहे.

मिस्त्रीकाकांनीं अर्ध्या तासांत दोष शोधून काढला. कॉम्प्रेसर शाबूत होता; त्याला चालविणारा विजेचा बोर्ड तेवढा जळला होता. "रोग कळला, पण औषध बाजारांत नाहीं," असें ते म्हणाले. कंपनीच्या केंद्राकडून प्रथम आठ दिवसांचा वायदा मिळाला, मग पंधरा दिवसांचा, मग नुसतेंच "कळवूं" असें उत्तर. तळहाताएवढा तो बोर्ड हातीं पडावयास ३७ दिवस लागले. तोंवर येणारेंजाणारें मिस्त्रीकाकांनाच बोल लावी. ज्याच्या हातांत कौशल्य आहे पण वस्तु नाहीं, त्याची स्थिति किती अवघड असते, हें मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलें.

मध्यंतरीं डॉक्टरांचा सल्ला घेऊन न उघडलेल्या कुप्या शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्यें ठेविल्या. चालू कुपी ३० अंशांच्या आंत राहिली पाहिजे, असें त्यांनीं बजाविलें होतें. तेव्हां आईनें मोठ्या कुंडींत लहान मडकें ठेवून मधल्या जागेंत वाळू भरली, ती वरचेवर भिजविली व वर ओलें फडकें झांकलें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते, हें आम्हीं विज्ञानाच्या तासाला पाठ केलें होतें. ती उष्णता मडक्यांतूनच ओढून घेतली जाते, हें घरीं प्रत्यक्ष पाहिलें. भर दुपारीं पडवींत ४१ अंश असतां मडक्यांत २८ भरले. आजी हंसून म्हणाली, "माझ्या सासूबाईंचें पाणी जसें निवत असे, तसेंच आतां माझें औषध निवतें आहे."

याच दिवसांत आजीच्या शिवणयंत्राची बॉबिन-केस मोडली. यंत्र पन्नास वर्षांहून जुनें. मी तो तुकडा घेऊन सीताबर्डीच्या बाजारांत गेलों. दुकानदारानें यंत्राचें नांवही विचारलें नाहीं; तुकडा पाहिला आणि डब्यांतून निराळ्याच कंपनीची केस काढून दिली. ती नेमकी बसली, व सायंकाळच्या आंत यंत्र पुन्हां चालूं लागलें.

नव्या फ्रीजला ३७ दिवस आणि जुन्या यंत्राला एक दुपार, असें कां व्हावें? काळ्या रंगाच्या त्या घरगुती शिवणयंत्रांची सुई, बॉबिन व केस यांचीं मापें अनेक कारखानदारांनीं वर्षानुवर्षें एकच राखलीं. म्हणून दुकानदार निर्धास्तपणें डबा भरून ठेवतो. आज ना उद्यां गिऱ्हाईक येणारच. आमचा बोर्ड मात्र एकाच नमुन्याच्या फ्रीजला बसणारा. तो कोणी सांठवून ठेवावा? अशी वस्तु दूरच्या एकाच कारखान्यांतून यावयाची, आणि वाट अडली कीं दुसरा मार्ग नाहीं. इ. स. २०२१ च्या मार्चमध्यें 'एव्हर गिव्हन' हें जहाज सुएझ कालव्यांत २३ पासून २९ तारखेपर्यंत अडकून पडलें, तेव्हां त्यामागें शेंकडों जहाजें खोळंबलीं.

ही अडचण जगानें पूर्वींही अनुभविली आहे. एकेकाळीं इंग्लंडांत प्रत्येक कारखान्याच्या स्क्रूचे आंटे निराळे असत. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं सर्वांसाठीं एकच माप सुचविलें, आणि पुढें एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटांत बसूं लागला. आतां कायदाही या कामीं पुढें सरसावला आहे. युरोपीय संघांत मार्च २०२१ पासून फ्रीजचे कांहीं महत्त्वाचे भाग, त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही निदान ७ वर्षें, आणि दाराचें रबर १० वर्षें पुरविणें बंधनकारक झालें. मागणी आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत भाग पोंचविला पाहिजे, असाही दंडक आहे. आपल्या देशांतही २०२२ सालीं केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली.

माझ्या मतें सुटा भाग केव्हां मिळेल, हें यंत्र मोडतें त्या दिवशीं ठरत नाहीं. तें यंत्राचा आराखडा कागदावर काढला जातो त्या दिवशींच बव्हंशीं ठरलेलें असतें. यास्तव पालकांनीं नवी वस्तु घेतांना रंग व किंमत यांबरोबर "हिचे भाग कोठें मिळतील, आणि किती वर्षें?" हेंही विचारावें. आणि विद्यार्थिबंधुभगिनींनो, आपल्यांतील कोणी उद्यां अभियंते होतील, कोणी कारखाने काढतील. त्यांनीं आराखड्यावर रेघ ओढण्यापूर्वीं एवढेंच ध्यानीं धरावें कीं, आपण केलेली वस्तु एक दिवस कोणा अनोळखी घरांत बंद पडणार आहे, आणि तेथें कोणाचें तरी औषध तिच्या भरंवशावर ठेवलेलें असेल.