चाँद दिसला म्हणे!

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. रमजानचा एकोणतिसावा रोजा होता आणि मगरिबच्या सुमारास आम्ही पोरं कळमनुरीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर चढलो होतो. पश्चिमेला ढग होते. त्यांच्या फटीत मला एक पांढरी रेघ दिसली आणि मी ओरडतच जिना उतरलो, "चाँद दिसला!" पाच मिनिटांत बातमी गल्लीभर झाली. बायकांनी शेवया काढल्या, कोणीतरी फटाकाही उडवला. मशिदीपर्यंत खबर गेली तेव्हा हाफिजसाहेबांनी मला बोलावून घेतले. रागावले नाहीत. शांतपणे एकेक प्रश्न विचारला, "किधर दिखा? कित्ता ऊपर था? नोकां किधर कू थे? और किसने देखा?" शेवटच्या प्रश्नाला मी रडायला लागलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने तिसावा रोजा धरला आणि पुढचे वर्षभर मित्र मला 'चाँदवाला' म्हणत राहिले.

ईदच्या चाँदबाबत आमच्याकडे नियम आहे. आकाश ढगाळ असेल तर किमान दोन विश्वासू माणसांची साक्ष लागते. एकाने कितीही शपथा घेतल्या तरी ईद होत नाही. पुढे मी विज्ञान शिकलो, आता शाळेत विज्ञानच शिकवतो. विज्ञानातल्या मोठ्या खबरी येतात, त्यांवर माणसे वेडीपिशी होतात, तेव्हा मला दरवेळी हाफिजसाहेबांचे ते चार प्रश्न आठवतात.

पहिली मोठी खबर आली ती सप्टेंबर २००८ ची. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीखाली, जिनिव्हाजवळ, सर्न या संस्थेने सत्तावीस किलोमीटर घेराचे एक यंत्र बांधले होते. १० सप्टेंबरला ते सुरू होणार होते. टीव्हीवर दिवसरात्र एकच चालले होते, त्यातून कृष्णविवर तयार होणार आणि ते पृथ्वी गिळणार. बाहेर गणपती बसलेले, घरात रमजान चालू. सहरीला मी घाबरत घाबरत दादीला म्हणालो, आज दुपारी जग संपणार म्हणतात. दादी म्हणाली, "पयले रोजा तो खोल ले. कयामत बाद में देखते."

त्या दुपारी काहीच झाले नाही, कारण काही होणारच नव्हते. त्या दिवशी प्रोटॉनचा झोत नळीतून फक्त फिरवून पाहायचा होता, टक्कर नव्हतीच. नऊ दिवसांनी यंत्रातच बिघाड झाला, हेलियम वायू फुटून बाहेर पडला आणि दुरुस्तीत वर्षाहून जास्त काळ गेला. जग बुडाले नाही, यंत्र मात्र बसले. पण त्याच दिवसांत मध्य प्रदेशातल्या एका किशोरवयीन मुलीने टीव्हीवरच्या या बातम्यांनी घाबरून विष घेतल्याचे वाचले आणि माझे हसू थांबले. माझ्या घरात दादी होती. तिच्या घरात तो एक वाक्याचा धीर देणारे कोणी त्या क्षणी जवळ नसेल.

कित्येक वर्षांनी मला कळले की त्या यंत्राचे टनावारी वजनाचे चुंबक ज्या जॅकवर तोलून बसवले आहेत, ते सात हजारांहून अधिक जॅक भारतात बनले होते. जग गिळणारे म्हणून ज्याची भीती घातली, ते आपल्याच माणसांनी बनवलेल्या जॅकवर उभे होते. ही गोष्ट टीव्हीने सांगितली असती तर कदाचित भीती थोडी कमी झाली असती.

मग आला 'देवकण'. २०१२ च्या जूनपासूनच खबर फुटली होती की हिग्ज बोसॉन सापडला. ४ जुलैला सर्नने तसे जाहीर केले. शास्त्रज्ञांना तो कण सापडला, आम्हाला त्यातला फक्त 'देव' ऐकू आला. हे नाव लिऑन लेडरमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९९३ मधल्या पुस्तकामुळे रूढ झाले. पुष्कळ शास्त्रज्ञांना ते मुळीच आवडत नाही. इतर मूलकणांना वस्तुमान कसे मिळते या कोड्याशी त्या कणाचा संबंध आहे. देव आहे की नाही याच्याशी नाही. पण चहाच्या टपरीवर मला विचारले गेले, "काय सर, सापडला का तुमच्या सायन्सवाल्यांना अल्लाह?" कोणी म्हणाले हे तर आमच्या किताबात आधीच लिहिलेले आहे. दुसऱ्या टपरीवर दुसरे लोक म्हणत होते की हे आमच्या ग्रंथात हजारो वर्षांपूर्वीच आहे. दोघांनीही आदल्या दिवशी त्या कणाचे नाव ऐकले नव्हते.

त्या आठवड्यात आमच्यातल्या काहींनी अब्दुस सलाम यांचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले. अभिमान रास्तच होता. ग्लॅशो, वाइनबर्ग आणि सलाम यांना १९७९ चे नोबेल ज्या सिद्धांतासाठी मिळाले, त्याच्या बांधणीत ही हिग्जची कल्पना आहे. पण हेच सलाम अहमदिया होते. पाकिस्तानने १९७४ मध्ये कायदा करून त्या जमातीला गैरमुस्लिम ठरवले आणि रबवा इथल्या त्यांच्या कबरीच्या दगडावरचा 'मुस्लिम' हा शब्द पुढे खोडून टाकला गेला. अकीद्याचा वाद आलिमांनी करावा, तो माझा प्रांत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की नोबेलच्या वेळी 'आपला' म्हणायचे आणि कबरीच्या वेळी गप्प बसायचे, ही साक्ष खरी नाही.

हिग्जच्या आदल्या वर्षी एक उलटी गोष्ट घडली होती, तिची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. सप्टेंबर २०११ मध्ये बातमी आली की जिनिव्हाहून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या प्रयोगशाळेत पोहोचणारे न्यूट्रिनो हे कण प्रकाशापेक्षाही वेगाने आले, ६० नॅनोसेकंद आधी. म्हणजे आइनस्टाइन चुकला! जगभर मथळे झाले. पण तो गट स्वतःच म्हणत होता, आमचे कुठे चुकते आहे का ते तपासा. काही महिन्यांनी चूक सापडली. एक केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. गटाने ते उघड सांगितले, प्रमुखांनी पद सोडले. माझी पांढरी रेघ आणि त्यांची ढिली केबल सारखीच. फरक एवढाच की त्यांनी चूक सापडल्यावर ती तितक्याच मोठ्याने सांगितली.

आता आमच्या जिल्ह्याची गोष्ट. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्याकडे दुपारचे सव्वातीन वाजून गेले असताना, अमेरिकेतल्या लायगो प्रकल्पाच्या दोन वेधशाळांत एक थरथर नोंदली गेली. आधी लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टनला, मग सात हजारांश सेकंदाने वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला. दोन्हींमध्ये तीन हजार किलोमीटरचे अंतर. सूर्याच्या अंदाजे २९ आणि ३६ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे १.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर एकमेकांत मिसळली, त्या आदळण्याची ती गुरुत्वीय लहर होती. चार किलोमीटर लांबीच्या नळीत तिने केलेला फरक अणूच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान.

ज्या तरुण शास्त्रज्ञाने जर्मनीत बसून तो संकेत आधी पाहिला, त्याला वाटले हा खोटाच असणार. त्याला कारण होते. लायगोवाले आपल्याच माणसांची परीक्षा घेण्यासाठी यंत्रात कधीकधी गुपचूप खोटा संकेत सोडत. २०१० मध्ये असाच एक संकेत आला होता. कित्येक महिने शेकडो लोकांनी त्यावर काम केले, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर पाकीट उघडले आणि कळले की संकेत आपल्याच लोकांनी सोडलेला होता. कोणी भांडले नाही. आपली तपासणी खोट्यालाही इतकी कसून पारखते, हे त्यांना पाहायचेच होते.

२०१५ च्या वेळी संकेत खरा होता, तरी त्यांनी पाच महिने थांबून तपासणी केली. हजारावर लोकांना ठाऊक असलेले गुपित फुटणारच. लॉरेन्स क्रॉस या भौतिकशास्त्रज्ञाने २५ सप्टेंबरला ट्विटरवर कुजबुज टाकली, जानेवारीत पुन्हा टाकली. जगभरचे पत्रकार मागे लागले. लायगोचे लोक एवढेच सांगत राहिले, आम्ही तपासतो आहोत. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, आपल्याकडे रात्री नऊ वाजता, त्यांनी जाहीर केले की लहर सापडली. असा संकेत निव्वळ योगायोगाने उमटायचा तर दोन लाख वर्षांत एकदाही उमटणार नाही, इतकी खात्री झाल्यावर. गोंगाटातून अशी लहर वेगळी काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी कितीतरी आधीपासून काम करत होते.

२५ सप्टेंबर ही तारीख मी नंतर वाचली आणि थबकलो. त्या दिवशी आपल्याकडे बकरी ईद होती. गणपतीही त्याच दिवसांत. गावात दोन्ही सण नीट पार पडले म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला होता. आणि तीनच दिवसांनी, २८ सप्टेंबरच्या रात्री, उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाहडा गावात देवळाच्या भोंग्यावरून एक खबर सांगितली गेली की मोहम्मद अखलाक यांच्या घरात गोमांस आहे. जमावाने घरात घुसून त्यांना ठार मारले, मुलाला मरणाच्या दारात नेऊन सोडले. मांस प्रयोगशाळेत गेले ते माणूस गेल्यानंतर. आणि अहवाल काहीही आला असता तरी त्या मारण्याला तो आधार झाला नसता.

एकाच आठवड्यातल्या या दोन खबरी. एक खरी होती, तरी हजार माणसे पाच महिने तिला प्रश्न विचारत बसली. दुसरीला एक रात्रही कोणी थांबवले नाही. किधर दिखा, किसने देखा, कोणी विचारले नाही. यात फक्त आमचाच बळी जातो असे मी म्हणणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले गेले. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवरही तोच व्हिडिओ फिरत होता आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत पाच वेळचे नमाजी होते. खबर आली तर आधी तिची तहकीक करा, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट आहे. आम्ही तो वाचतो, आणि मग बोट 'फॉरवर्ड'कडे जाते.

लायगोची तिसरी वेधशाळा आमच्याच जिल्ह्यात होते आहे. औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः होकार दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. कारखाने नाहीत, वर्दळ नाही म्हणून ज्याला मागास म्हणतात, तो जिल्हा त्याच शांततेसाठी निवडला गेला. दोन साक्षीदार लहर खरी असल्याचे सांगतात, पण ती आकाशाच्या कोणत्या बाजूने आली हे त्यांना नेमके सांगता येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीची व्हर्गो वेधशाळा जोडीला आली तेव्हा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा शोधता आली आणि दुर्बिणींनी ती आकाशगंगा गाठली. पृथ्वीच्या या बाजूचा साक्षीदार मिळाला की जागा आणखी नेमकी कळेल. हिंगोली जिल्हा साक्षीला उभा राहणार, याचा मला फार आनंद आहे.

अफवा तिथेही पोहोचलीच. २१ मार्च २०२४ च्या सकाळी, रमजानातच, फजरची नमाज पढून आम्ही जरा आडवे झालो होतो आणि सहाच्या सुमारास जमीन हलली. भांडी वाजली, सगळे रस्त्यावर. आमच्याकडच्या काही गावांत जमिनीतून गूढ आवाज येणे त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. तरी दुपारपर्यंत टपरीवर एकाने शोध लावला, "ते दुधाळ्याचं मशीन चालू केलं म्हणून भूकंप झाला." मी विचारले, चालू झालेलं कोणी पाहिलं? तिथे तर अजून नळीसुद्धा बसलेली नाही. शिवाय ते यंत्र ऐकण्यासाठी आहे, जमीन हलवण्यासाठी नाही. तो म्हणाला, "सर, सगळेच म्हणतात."

परवा वर्गात ही सगळी गोष्ट सांगितली. एका पोराने विचारले, "सर, दुधाळ्याला खबर आली तर आपल्याला कधी सांगतील?"

"तपासून झाल्यावर."

"म्हणजे किती दिवसांनी?"

"मागच्या वेळी पाच महिने लागले होते."

पोरगा शेजारच्याकडे बघून हसला. "एवढं कोण थांबतंय, सर!"