खटल्याच्या नावात न आलेली माणसं

पुण्यात साठी ओलांडलेल्या कुणासमोरही 'जक्कल' एवढंच म्हटलं, की पुढचा अर्धा तास तो माणूसच बोलतो. दिवेलागणीला दारं कशी बंद होत, ओळखीचा आवाज आल्याशिवाय कडी कशी निघत नसे, रात्रीच्या सिनेमाचा खेळ कसा ओस पडे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात अभिनव कला महाविद्यालयातल्या जक्कल या विद्यार्थ्यानं आणि त्याच्याबरोबरच्या विद्यार्थ्यांच्या टोळक्यानं या शहरात दहा माणसं मारली. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या चौघांपैकी एकानं तुरुंगात लिहिलेलं आत्मकथन पुस्तकरूपानं आलं, या प्रकरणावर बेतलेला 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट आला, आणि आता नव्या पिढीची मुलं मोबाइलवर तीच गोष्ट ऐकत ऐकत झोपतात.

आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा गाजलेल्या खटल्यांवर बोलायला आम्ही काहीजण जमतो. निवृत्त शिक्षिका आहेत, औषधांच्या दुकानाचे मालक आहेत, कायद्याचं शिकणारी दोन मुलं आहेत. या बैठकीची पद्धत बदलायची असं यंदा ठरतं आहे, आणि त्यावरून बरीच वादावादीही चालू आहे. मला हे बदल मनापासून हवे आहेत. का हवे आहेत, ते याच खटल्याच्या आधारानं सांगता येईल.

कागदोपत्री आणि बोलण्यातही हा खटला 'जोशी-अभ्यंकर हत्याकांड' म्हणून ओळखला जातो. म्हणजे मारल्या गेलेल्यांपैकी दोन कुटुंबांची नावं निदान शीर्षकात तरी राहिली. पण शीर्षकाच्या पुढे गेलं की अभ्यंकर कोण होते, हे विचारल्यावर खोली गप्प होते. काशीनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे फार मोठे अभ्यासक. संस्कृत व्याकरणातल्या पारिभाषिक संज्ञांचा त्यांनी केलेला कोश १९६१ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत निघाला. व्याकरणाचे विद्यार्थी आजही तो उघडतात. १९६७ मध्ये त्यांनी संपादित केलेला 'परिभाषासंग्रह' भांडारकर संस्थेनं छापला. वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं होतं. दोन पिढ्यांची अशी विद्या ज्या घराण्यात नांदली, त्याच्या भांडारकर रस्त्यावरच्या घरात १ डिसेंबर १९७६ च्या रात्री पाच माणसं मेली. ऐंशी ओलांडलेले शास्त्रीबुवा, त्यांच्या पत्नी, कॉलेजच्या वयाची नात आणि नातू.

हे चार झाले. पाचव्या होत्या सकूबाई वाघ, घरकाम करणाऱ्या. त्यांचं आडनाव अभ्यंकर नव्हतं, म्हणून ते खटल्याच्या नावात आलं नाही. कुठल्या दोरीनं काय केलं, हे तपशीलवार सांगणारी माणसं मला भेटली आहेत. सकूबाई कुठल्या गावच्या, त्यांच्यामागे कोण राहिलं, हे सांगणारं एकही माणूस आजवर भेटलेलं नाही.

असं एकदाच घडलं असतं तर मी इतकं ताणलं नसतं. नोएडात १६ मे २००८ रोजी एका शाळकरी मुलीचा खून उघडकीला आला. घरातला नोकर हेमराज बेपत्ता होता, तेव्हा खुनी तोच, असं पोलिसांनी धरलं आणि देशभरच्या दिवाणखान्यांनीही धरलं. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर त्याचं प्रेत सापडलं. ज्या वेळात सगळे त्याला खुनी म्हणत होते, त्या वेळात तो वर मरून पडला होता. पुढे २०१७ च्या ऑक्टोबरात अलाहाबाद उच्च न्यायालयानं या खुनांसाठी आधी दोषी ठरलेल्या मुलीच्या आईवडिलांना निर्दोष सोडलं. त्या निकालाविरुद्ध हेमराजच्या पत्नीनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या बाईबद्दल आपण किती बोललो? चर्चा झाली ती आईवडिलांचे चेहरे टीव्हीवर पुरेसे दुःखी दिसले की नाही याची.

आमच्या बैठकीत येणाऱ्यांना मी हलक्या मनाचं समजत नाही. खुनाची गोष्ट ऐकावीशी वाटण्यात विकृती नाही. भीतीला नाव-गाव मिळालं की ती थोडी आटोक्यात येते. एकट्यानं राहणाऱ्या बायका अशी प्रकरणं बारकाईनं वाचतात, कारण दारावरची बेल वाजली तर काय करायचं याचा विचार त्यांना रोज करावा लागतो. ही गरज खरी आहे. पण या गरजेचं पोट भरण्यासाठी मेलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा मारणं आवश्यक नाही.

म्हणून पहिला बदल असा ठरवतो आहोत, की कुठल्याही खटल्याची सुरुवात मेलेल्या माणसाच्या जगण्यापासून करायची. हॅली रूबनहोल्ड यांनी 'द फाइव्ह' या २०१९ च्या पुस्तकात हेच केलं. १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात मारल्या गेलेल्या पाच बायकांची आयुष्यं त्यांनी जुन्या नोंदींतून उभी केली आणि 'जॅक द रिपर' कोण होता या प्रश्नाला पुस्तकात जागाच दिली नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या गरीब बायकांबद्दल इतकं सापडतं, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या पुण्याबद्दल का सापडू नये?

निकालपत्र वाचल्याशिवाय मत मांडायचं नाही, निर्दोष सुटलेल्याला आपल्या खोलीत पुन्हा उभं करायचं नाही, ज्यांचे नातेवाईक हयात आहेत त्यांच्या दुःखाचे तपशील चघळायचे नाहीत. या गोष्टींवर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो पंचांवरून.

घटनास्थळाचा किंवा झडतीचा पंचनामा करताना पोलिसांना दोन पंच लागतात, आसपासची साधी माणसं. त्यांनी पाहायचं, सही करायची, आणि पुढे कदाचित काही वर्षांनी कोर्टात उभं राहून सांगायचं. कितीतरी खटल्यांत पुरावा इथेच लटका पडतो, कारण पंच मिळत नाहीत, मिळाले तर फितूर होतात. खुनाच्या जागी गर्दी मावत नाही. पंच हवेत म्हटलं की तीच गर्दी पांगते. मी सुचवलं, की एखाद्या निवृत्त सरकारी वकिलांना बोलावून पंचाचं काम नीट समजून घेऊ, आणि आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नाही असं ठरवू. औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले, "कोर्टाच्या तारखांना दुकान बंद ठेवून जायचं, आणि वर आरोपीच्या माणसांची भीती. आमच्या घरच्यांना कोण सांभाळणार?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. साक्षीदाराला जिथे पुरेसं संरक्षण मिळत नाही, तिथे धैर्याची मागणी करणं सोपं असतं. तरीही माझी सूचना मी मागे घेतलेली नाही. आपल्याला खटल्यात इतका रस आहे, तर त्यातलं एक ओझंही आपल्या वाट्याला यायला हवं, असं मला वाटतं. वकिलांना बोलवायचं ठरलं आहे; दुसरा भाग मतदानाला टाकला आहे.

त्याआधीच्या बैठकीत सकूबाईंबद्दल काय मिळतं ते पाहणार आहोत. कायद्याच्या मुलांनी निकालपत्रांच्या प्रती शोधायचं अंगावर घेतलं आहे, शिक्षिकाबाई त्या वेळच्या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळणार आहेत. आणीबाणीतल्या अंकांत काय आणि किती छापलं गेलं असेल, हा प्रश्न त्यांनीच उपस्थित केला आहे.