चुकीच्या नावे पडलेली नोंद

जवळा बाजार येथील एका जुन्या अडत पेढीच्या माडीवर चावीचा ग्रामोफोन तीस वर्षे बंद पडून होता. वाटणीत यंत्र थोरल्या बंधूंकडे आले, तबकड्या धाकट्यांकडे गेल्या. यंत्र धाकट्यानेच बिघडवले, असा थोरल्यांचा समज होता. त्यावरून झालेली बोलाचाली अबोल्यावर थांबली.

१९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गेसबर्ग यांनी गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. पुढे तबकड्यांवरूनच बालगंधर्वांचा स्वर मराठी घरांत पोहोचला. या घरातही वडील रात्री हिशेब मिटल्यावर तो ऐकत असत.

यंदा थोरल्यांनी यंत्र खाली उतरवले. चकती हलेना. नातू म्हणाला, "आजोबा, हलका हातोडा मारू का?"

"नको रे. जोर केला की जाम निघत नाही, दांडा वाकतो."

जुन्या घड्याळजींच्या सल्ल्याने त्यांनी आधी स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरवला. ताणलेली पट्टी सुटली तर हात कापते. चकतीचा उभा दांडा मोकळा निघाला. अडकले होते ते गव्हर्नर, म्हणजे तीन वजने फिरवून वेग आवरणारा भाग. त्याच्या दोन्ही टोकांच्या पितळी बेअरिंगमध्ये पिवळसर, लाखेसारखा थर घट्ट बसला होता.

घड्याळजींनी भिंग लावून पाहिले. "शेटजी, इथे कोणी खाण्याचे तेल घातले होते का?"

थोरले गप्प झाले. यंत्र कुरकुरते म्हणून देवघराशेजारच्या बाटलीतले शेंगदाण्याचे तेल त्यांनी स्वतःच घातले होते.

रॉकेलचे दोन थेंब सोडून यंत्र रात्रभर ठेवले. तीन दिवस असेच. चौथ्या दिवशी दांडा बोटाने फिरला. टोके मऊ कापडाने व लाकडी काडीने पुसली, शिवणयंत्राचे तेल एकेक थेंब दिले, दांड्याला केसभर सैलपणा राखून स्क्रू आवळला. चकतीखाली कागदाचा कपटा अडकवून नातवाने फेऱ्या मोजल्या : मिनिटाला बरोबर ७८.

वाजवायला तबकडी मात्र घरात नव्हती.

सायंकाळी थोरले धाकट्यांच्या दारी गेले. "यंत्र तू बिघडवले नव्हतेस. माझ्याच तेलाने ते जाम झाले. दोष मात्र तीस वर्षे तुझ्या नावे टाकला."

धाकटे क्षणभर काही बोलले नाहीत. मग आतून लाकडी पेटी घेऊन आले. "दादा, चला. आधी वडिलांची आवडती लावू."

खतावणीत रक्कम चुकीच्या नावे पडली, तर ज्याने लिहिली त्यानेच ती उलटवावी लागते. उशीर झाला तरी वही मिळते.