अनामिका



हात टेबलावर पालथा ठेवा. मधले बोट तळहाताखाली दुमडा आणि बाकीची बोटे एकेक करून उचलून पाहा. अनामिका हटून बसते. हा तिचा आळस नव्हे. हाताच्या पाठीवर तिला उचलणारी दोरी शेजारच्या बोटांच्या दोऱ्यांशी जोडलेली असते. देवाने हात असाच घडवला आहे. पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येतेच.

१८१० साली जन्मलेले दोन संगीतकार पाहा. जर्मनीच्या रॉबर्ट शुमान यांना मोठे पियानोवादक व्हायचे होते. विशीत बोटांच्या सरावासाठी त्यांनी एक यांत्रिक साधनही वापरले. पुढे त्यांचा उजवा हात अधू झाला. त्याच्या नेमक्या कारणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वादक होण्याची वाट बंद झाली आणि ते संगीतरचनेकडे वळले.

पोलंडचे फ्रेडरिक शोपँ पॅरिसमध्ये शिकवण्या करत. सगळी बोटे सारख्या ताकदीची करण्याचा आग्रह त्यांना मान्य नव्हता. प्रत्येक बोटाची घडण वेगळी, म्हणून त्याचा नादही वेगळा, असे ते मानत. ते शिष्याची मधली तीन लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा व करंगळी पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवायला सांगत. हात आहे तसा, सैल विसावतो.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात हेच सांगितले आहे. शरीराचे जे अवयव अशक्त वाटतात, त्यांच्यावाचूनही चालत नाही.

एका वर्षी ईस्टरच्या तालमीत आमच्या गायकवृंदातली कीबोर्ड वाजवणारी मुलगी मनगट चोळत होती. मी थांब म्हटले, तर म्हणाली, "टीचर, देवासाठी सोसते." मी तिला उठवले. त्या रात्री आम्ही साथीविना गायलो. दुखरा हात ताणत राहणे म्हणजे त्याग नव्हे. वेदना ही धोक्याची घंटा आहे. ती वाजली की वादन थांबवावे, दुखणे राहिलेच तर डॉक्टरांना दाखवावे.

पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते. त्यानंतर कितीही जोर लावा, नाद वाढत नाही. मनगट मात्र आखडते. धर्मशिक्षणाच्या वर्गातही असेच होते. एखादे मूल सावकाश शिकते. त्याला एकदा प्रेमाने सांगावे, मग हात सैल सोडावा. घरातल्या मुलांनाही भावंडांच्या मापाने ओढू नये.

हे प्रभो, तू आम्हाला वेगवेगळे घडवलेस. आमच्यातल्या अनामिकेला तिच्या परीने तुझी स्तुती करू दे. आमेन.