कापरा हात आणि एअरब्रश

साठी उलटल्यावर मनुष्याच्या हाती काय उरते, ह्याविषयी संतांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. माझ्या हाती जे उरले, त्यास डॉक्टर कंप म्हणतात. हा विकार जीवघेणा नव्हे. तो घराण्यातून येतो, हात स्वस्थ असता दडून बसतो, आणि कपबशी उचलली की जागा होतो; चारचौघांच्या देखत तर त्यास विशेष चेव येतो. माझ्या वडिलांसही तो होता. ते पास काढून डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईस नोकरीला जात, आणि त्यांचे अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे होते. हात कापू लागल्यावर त्यांनी प्रथम पत्रे लिहिणे सोडले, मग सही करण्याचे प्रसंग टाळले, आणि शेवटी परक्या घरी चहा घेणेही बंद केले. तक्रार कधी केली नाही. एकेक गोष्ट मुकाट्याने खाली ठेवीत गेले, इतकेच. माझा हात कापू लागला तेव्हा मला भय वाटले ते कंपाचे नव्हे, त्या मुकाट्याने खाली ठेवण्याचे.

मला नाद आहे तो आगगाड्यांच्या लहानशा प्रतिकृती करण्याचा. ८७ फुटांस एक फूट हे माझे प्रमाण. ह्या हिशेबाने गाडीचा डबा वीतभर होतो. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी प्रथम धावली, तेव्हा तिचे सात सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर किरमिजी पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. वडिलांच्या गाडीचे हे जन्माचे रंग आपल्या हाताने उतरवावेत, अशी इच्छा फार दिवसांची. परंतु वीतभर डब्यावर मिलिमीटरभर रुंदीची रेघ केसांच्या कुंचल्याने ओढावयाची, म्हणजे हाताचा प्रत्येक झटका रंगात कायमचा नोंदविला जाणार. म्हणून मी एअरब्रशकडे वळलो.

एअरब्रश म्हणजे हवेच्या जोराने रंगाचे धुके उडविणारी, फाउंटनपेनाएवढी नळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती अमेरिकेत निघाली, आणि पुढे छायाचित्रांच्या डागडुजीसाठी स्टुडिओंतून रुळली. तिच्या पोटात एक लांब सुई असते व तोंडाशी अतिशय बारीक नोझल. सुई पुढे असता नोझल बंद. ती मागे ओढावी तसतशी वाट मोकळी होते व रंग बाहेर पडतो. ह्या यंत्राचा मोठा गुण असा, की ते पृष्ठभागास स्पर्शच करीत नाही. दोनचार इंचांवरून रंग पडतो, तेव्हा मनगटाची बारीक थरथर त्या धुक्यात विरून जाते. रेघेची धार हाताने राखावयाची नसतेच. ती चिकटपट्टीने राखावयाची असते. आधी किरमिजी रंग द्यावा, तो पुरता वाळल्यावर त्यावर मिलिमीटरभर रुंदीची पट्टी चिकटवावी, वरून सर्वत्र रुपेरी रंग उडवावा, आणि पट्टी सोलून काढावी. पट्टी वाकडी बसली तर उचलून पुन्हा लावता येते. ओढलेल्या रेघेला ही सवलत नाही.

निवड करताना दुकानातील तरुणाने मोठ्या आस्थेने सांगितले, "काका, शून्य पूर्णांक दोनचे नोझल घ्या. केसासारखी रेघ येते." त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण ते त्याच्या हाताचे होते. रुपेरी रंगात धातूसारखे चमकणारे कण असतात, ०.२ मिलिमीटरच्या छिद्रात ते वारंवार अडकतात. मी ०.३ घेतले. दुसरा विचार नोझलच्या बैठकीचा. काही नोझले तांदळाच्या दाण्याएवढी असून बारीक आट्यांनी बसतात. पाना किंचित अधिक फिरला की मोडतात. काही आकाराने मोठी असतात व नुसती खोबणीत ठेवून वरून टोपण आवळावयाचे असते. कापऱ्या हातास ही दुसरी जात बरी. तिसरा विचार पकडीचा: बोटाने दाबून मागे ओढावयाच्या कळीपेक्षा पिस्तुलासारखा चाप मला सोपा गेला, कारण त्यात सर्व पंजाचा आधार मिळतो. कॉम्प्रेसर मात्र टाकीचा हवा, म्हणजे हवा धक्क्याधक्क्याने येत नाही; आणि नळीवर पाणी अडविणारा गाळक हवाच. आषाढात पुण्याची हवा दाबली म्हणजे तिच्यातून पाणी सुटते, व तो थेंब नेमका डब्याच्या छपरावर येऊन बसतो.

हे सर्व विकत मिळते. विकत न मिळणारा भाग पुढे आहे, आणि तो म्हणजे साफसफाई. रंग दुधाइतका पातळ करून, चौरस इंचास १५ ते २० पौंड दाबाने दहा मिनिटे उडवावा, की पुढची वीस मिनिटे यंत्राच्या सेवेस द्यावी लागतात. आणि तीही अशा वेळी, की डबा समोर चकाकत असतो व माणसास त्याच्याकडेच पाहत बसावेसे वाटते. वाटी रिकामी करावी, धुण्याचे द्रव्य उडवावे, तोंडाशी फडके धरून हवा उलटी सोडावी, म्हणजे वाटीत बुडबुडे येऊन दडलेला रंग वर येतो. मग सुई मागून काढून ओल्या मऊ फडक्याने पुसावी, ती नेहमी टोकाच्या दिशेने. परत घालताना ती अडेल तेथे थांबावे. जोर केल्यास नोझल उकलते. सबंध यंत्र द्रवात बुडवून ठेवू नये, आतील रबरी कडी फुगतात. टोक वाकले तर फवारा एका बाजूस जातो. वाटीत आपोआप बुडबुडे येऊ लागले, तर नोझल सैल आहे असे समजावे.

माझ्यासारख्याने ही सुई काढावी कशी? मी ताटात टर्किश टॉवेलाची घडी पसरतो, म्हणजे पडलेला भाग उडून हरवत नाही. दोन्ही कोपरे मेजावर टेकतो, मनगटे एकमेकांस लावतो, आणि हातास घाई नाही असे सांगतो. पहिल्या दिवशी हे पाहून पत्नी म्हणाली, "अहो, हे इंजेक्शन कुणाला?" आता ती जाताजाता खिडकी उघडते व तोंडावरची जाळी मला आणून देते, रंग पाण्यातला असला, तरी त्याचे धुके छातीत जावयाचे ते जातेच.

हात पूर्वीपेक्षा कमी कापतो असे नाही. उलट किंचित अधिकच. पण तो स्थिर असावा अशी अट ज्या कामांना मी घालून बसलो होतो, ती बहुतेक ठिकाणी अनावश्यक होती. बैठक स्थिर हवी, पट्टी सरळ हवी, सुई स्वच्छ हवी. वडिलांना हे कुणी सांगितले असते, तर ते पत्रे लिहीत राहिले असते की नाही, मला सांगता येत नाही. कदाचित त्यांनी जाड दांड्याचा टाक घेतला असता.

रुपेरी संचाचे चार डबे पुरे झाले आहेत, तीन राहिले आहेत. निळा संच दिवाळीनंतर घ्यावयाचा. सोनेरी रंगातही रुपेरीसारखेच कण असतात. म्हणून एक जादा नोझल आताच आणून ठेवले आहे.